वाचकांचे प्रश्न : विजेचा हिशेब

वीज क्षेत्राविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. ती संक्षिप्त केली आहेत; आशय मात्र पत्रलेखकांचाच आहे.

प्रश्न : कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही औष्णिक विद्युत केंद्रे नागपूर जिल्ह्यात आहेत, चंद्रपूर शेजारीच आहे आणि कोळसाही वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणींतला आहे. धूर आणि राख आम्ही सोसतो. असे असताना आमच्या घरातील विजेचा दर पुण्यातल्या घराइतकाच का?
— निवृत्त शिक्षक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न न्याय्य आहे, परंतु त्यात दोन वेगळे हिशेब एकत्र आले आहेत. पहिला हिशेब दराचा. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट, एनटीपीसीच्या मौदा केंद्राची २३२० मेगावॅट आणि चंद्रपूरची २९२० मेगावॅट आहे. ही वीज जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि तेव्हापासून संपूर्ण देश एकाच वारंवारतेवर, म्हणजे एकच जोडलेले जाळे म्हणून, चालतो. त्या जाळ्यातून कोणाच्या घरी कोणत्या केंद्राची वीज आली हे वेगळे काढता येत नाही. वेगळा काढता येतो तो फक्त खर्च. महावितरण प्रत्येक केंद्राला दोन भागांत पैसे देते. एक स्थिर आकार, जो संच सज्ज ठेवल्याबद्दल द्यावाच लागतो, आणि दुसरा ऊर्जा आकार, जो जळलेल्या कोळशाप्रमाणे बदलतो. रोज कोणता संच आधी चालवायचा हे त्या दुसऱ्या आकारावरून ठरते, म्हणजे स्वस्त संच आधी आणि महाग संच नंतर. खाणींच्या जवळ असल्याने विदर्भातील केंद्रांवर रेल्वे वाहतुकीचा बोजा कमी पडतो आणि ती अधिक वेळ चालतात. जवळीकीचा हा लाभ खरा आहे, पण तो महावितरणच्या साऱ्या ग्राहकांत सारखा वाटला जातो.

दुसरा हिशेब त्रासाचा आहे आणि तो मात्र वाटला जात नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बंधारा खसाळ्याजवळ फुटला, तेव्हा राखमिश्रित पाणी याच परिसरातील नाल्यांत आणि शेतांत गेले. गंधक वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला, त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुतांश केंद्रांना त्यातून सूट मिळाली. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना मात्र सूट नाही; त्यांना डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. नागपूरकरांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे. विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य नियामक आयोगाने मंजूर केल्यास या यंत्रणेचा खर्च दरात मिळवता येतो आणि तो राज्यभरातील ग्राहकांत प्रति युनिट काही पैसे असा विभागला जातो. स्वस्त दराची मागणी कायद्यापुढे टिकणे अवघड आहे, परंतु स्वच्छ हवेचा आणि सुरक्षित बंधाऱ्याचा खर्च साऱ्या राज्याने उचलावा ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. विदर्भाने आपली शक्ती या दुसऱ्या मागणीमागे लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या साडेसात अश्वशक्तीच्या पंपाचे बिल आता शासन भरते. शहरातले नातेवाईक म्हणतात की आमच्यामुळे त्यांचा दर वाढतो. हे खरे आहे का? आणि दिवसा वीज कधी मिळणार?
— संत्रा उत्पादक शेतकरी, काटोल तालुका

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्याचा दोष शेतकऱ्याकडे जात नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक राज्यांनी पंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली. त्यामुळे दोन गोष्टी घडल्या. शेतीला दिलेल्या सवलतीमुळे पडणारी तूट उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या दरातून भरून काढली जाऊ लागली. शिवाय, मीटर नसल्याने शेतीने नेमकी किती वीज वापरली याचा आकडा अंदाजावर गेला आणि त्या अंदाजात इतर गळती आणि चोरीही लपू लागली. शेतकऱ्याच्या नावावर मांडलेली सगळी वीज त्याच्या पाटात गेली, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

२०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेतून शासन भरते. सुमारे ४४ लाख पंपधारक त्यात येतात. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६५ नुसार, एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर राज्य शासनाने तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. सवलत देणे हा लोकनियुक्त शासनाचा अधिकार आहे आणि कोरडवाहू, कर्जात अडकलेल्या प्रदेशात तो वापरला जाण्याला मी चूक म्हणणार नाही. चूक होते ती रक्कम उशिरा किंवा अपुरी पोहोचते तेव्हा. त्या काळात कंपनी व्याजाने पैसे उचलते, वीज उत्पादकांची देणी थकवते, आणि ते व्याज पुढच्या दरवाढीत आपल्या नातेवाइकांच्या बिलावर येते. त्यांनी आपल्याला बोल लावण्यापेक्षा अनुदानाची रक्कम दर तिमाहीस जमा झाली का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

दिवसा विजेचे उत्तर बऱ्याच अंशी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. तो २०२३ मध्ये सुरू झाला. शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिन्या, वेगळे करायचे, उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि तीच वीज तेथल्या तेथे दिवसा पंपांना द्यायची, अशी ही रचना आहे. स्पर्धात्मक निविदांत ही वीज प्रति युनिट तीन रुपयांच्या आसपास मिळाली आहे, आणि ती जवळच वापरली जात असल्याने दूरवरून आणण्याचा खर्च आणि गळती वाचते. रात्री साप-विंचवाच्या भीतीत बांधावर जावे लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही ही योजना मला मोलाची वाटते. आर्थिक बाजूने पाहिले तर तिच्यामुळे अनुदानाचा बोजाच लहान होतो. उद्योगांवरचा भार कमी करण्याचा असा दुसरा व्यवहार्य मार्ग मला दिसत नाही.

एक काळजी मात्र आपणही वाहायची आहे. वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंतच्या संत्रा पट्ट्यात विहिरी आणि बोअर वर्षानुवर्षे खोल जात आहेत. दिवसा आणि फुकट मिळणारी वीज पाणी उपसण्यावरचा शेवटचा आवर काढून टाकते. ठिबक आणि पुनर्भरण यांची जोड या योजनेला हवी, अन्यथा फीडर सुरू राहील आणि विहीर आटेल.

प्रश्न : माझा लहान कारखाना हिंगणा एमआयडीसीत आहे. विजेचा खरा खर्च जितका, त्याहून जास्त दर आम्ही देतो असे ऐकतो. बाहेरून वीज घ्यावी तर अधिभार लागतो. यातून सुटका कशी?
— लघुउद्योजक, हिंगणा

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. आपल्या दरात इतर वर्गांच्या सवलतीचा वाटा असतो आणि त्यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ च्या कायद्याने ती हळूहळू कमी करण्यास सांगितले आणि राष्ट्रीय दर धोरणाने प्रत्येक वर्गाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या २० टक्के वर-खाली या मर्यादेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन दशके उलटून गेली तरी अनेक राज्यांत ते पूर्ण झालेले नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातील उद्योगांना राज्य शासन २०१६ पासून दरात सवलत देते, म्हणजे एका हाताने घेतलेले काही अंशी दुसऱ्या हाताने परत मिळते. मात्र या सवलतीची मुदत आणि अटी शासनाच्या इच्छेवर असतात, त्यामुळे तिच्या भरवशावर नवी यंत्रे घेण्याचा निर्णय करणे धाडसाचे ठरते.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली मुक्त प्रवेशाची, म्हणजे महावितरणऐवजी दुसऱ्या विक्रेत्याची वीज त्याच जाळ्यातून घेण्याची. जून २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी पात्रतेची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराचा कारखानाही सौर किंवा पवन वीज थेट विकत घेऊ शकतो. दुसरी वाट सामूहिक स्वयंउत्पादनाची आहे. काही उद्योगांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल घेतले आणि त्याची किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे बाहेरून वीज घेताना त्या सवलतीपोटी द्यावी लागणारी रक्कम, लागत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीतील लघुउद्योजकांनी एकत्र येऊन या दुसऱ्या वाटेचा हिशेब जरूर मांडून पाहावा. वहन आकार (तारा वापरल्याचे भाडे) आणि बँकिंगच्या (जास्तीची वीज जाळ्यात देऊन नंतर परत घेण्याच्या) अटी आधी वाचाव्यात, कारण फायदा तेथेच ठरतो किंवा बुडतो.

धोरण म्हणून पाहिले तर या वाटेत एक धोका आहे. नियमित आणि पूर्ण पैसे देणारा ग्राहक बाहेर पडला की तारा, उपकेंद्रे आणि जुन्या करारांतले स्थिर आकार उरलेल्यांवर पडतात, त्यांचा दर वाढतो आणि आणखी काही जण बाहेर पडतात. अधिभार हा त्यावरचा बांध आहे. तो फार उंच ठेवला तर उद्योग राज्य सोडतो, आणि काढून टाकला तर वितरण कंपनी बुडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या कायदा दुरुस्तीच्या मसुद्यात उत्पादन उद्योग आणि रेल्वे यांच्यावरील क्रॉस सबसिडी पाच वर्षांत संपवण्याचा प्रस्ताव आहे. दिशा मला मान्य आहे. पाच वर्षांनी ती रक्कम कोणत्या अर्थसंकल्पातून येणार, हे त्याच कायद्यात लिहिले गेले नाही, तर तोटा केवळ एका वहीतून दुसऱ्या वहीत जाईल.

प्रश्न : मी एका बँकेत कर्ज विभागात काम करतो. देशाला प्रचंड विजेची गरज आहे, मागणी वाढते आहे, तरीही वीज क्षेत्राला कर्ज देताना सगळे हात आखडता घेतात. सौर प्रकल्पांना मात्र पैसा मिळतो. हा फरक कशामुळे?
— बँक अधिकारी, सिव्हिल लाइन्स, नागपूर

उत्तर : या अंकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. ३० मे २०२४ रोजी देशाची तोवरची उच्चांकी मागणी २५० गिगावॅटवर (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. म्हणजे गरज आहे आणि उद्दिष्टही आहे. प्रकल्पाची वीज विकत घेणारा पैसे वेळेवर देईल का, या एका प्रश्नापाशी मात्र प्रत्येक कर्जप्रस्ताव अडतो. मार्च २०२४ अखेर देशातील वितरण कंपन्यांचा साचलेला तोटा सुमारे ६.९ लाख कोटी रुपये होता. मीटर, बिल आणि वसुली या शेवटच्या टप्प्यात पैसा अडला की त्याचा ताण मागे पारेषणापर्यंत (दूरवर वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांपर्यंत), उत्पादकापर्यंत, खाणीपर्यंत आणि अखेर आपल्या बँकेपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्राने हा धडा फार महाग दिला आहे. दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार १९९२ मध्ये झाला, १९९५ मध्ये तो रद्द होऊन पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. हमी भक्कम होत्या, परतावा डॉलरशी बांधलेला होता, परंतु ती महाग वीज घेऊन तिचे पैसे फेडण्याची ताकद वीज मंडळात नव्हती. ज्याने पैसे द्यायचे त्याची ऐपत न पाहता केलेली हमी कागदावरच राहते.

२००३ च्या कायद्याने औष्णिक उत्पादनावरील परवान्याची अट काढली आणि विदर्भात खाजगी केंद्रांची रांग लागली : तिरोडा, अमरावतीजवळ नांदगाव पेठ, वरोरा, चंद्रपूर, बुटीबोरी. त्यानंतर सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, वितरण कंपन्यांनी नव्या दीर्घ मुदतीच्या करारांकडे पाठ फिरवली आणि आयात कोळशाचे भाव बदलले. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत आलेल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची नोंद घेतली. त्यांची क्षमता ४० हजार मेगावॅटच्या आसपास होती.

यातील बुटीबोरीचा ६०० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या डोळ्यांसमोर घडला आणि त्याची कथा कर्ज विभागातील प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. इंधन खर्चाचा काही भाग नियामक आयोगाने मान्य केला नाही. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात राहिले आणि कंपनीचा दावा होता १,७३० कोटी रुपयांचा. जानेवारी २०१९ पासून केंद्र बंद राहिले. दिवाळखोरीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०२२ रोजी निकाल देताना म्हटले की अर्ज स्वीकारताना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अशी येणी विचारात घेतली पाहिजेत. पुढे दिवाळखोरीची प्रक्रिया झालीच आणि २०२५ मध्ये केंद्र नव्या मालकाकडे गेले. कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा मी करत नाही. संच उभा आहे, कोळसा शेजारी आहे, राज्याला विजेची गरज आहे आणि तरीही केवळ एका खर्चाचा वाद वर्षानुवर्षे सुटत नाही म्हणून ६०० मेगावॅट थंड पडून राहतात, हे मला अस्वस्थ करते. गुंतवणूकदार घाबरतो तो या विलंबाला.

सौर प्रकल्पांना पैसा मिळतो याची कारणे यातूनच कळतात. तेथे इंधन नाही, म्हणून इंधनाचा वादही नाही. दर निविदेत ठरतो आणि बहुधा २५ वर्षे तोच राहतो. अनेक करारांत मध्ये केंद्र सरकारची सौर ऊर्जा महामंडळासारखी संस्था उभी असते आणि राज्याने पैसे थकवले तर वसुलीची तरतूद असते. जून २०२२ च्या विलंब अधिभार नियमांनी थकबाकी हप्त्यांनी फेडणे बंधनकारक केले आणि न फेडणाऱ्या कंपनीला बाजारातून वीज घेण्यावर बंधने घातली. त्या वेळी उत्पादकांची सुमारे १.४ लाख कोटींची जुनी देणी होती, ती त्यानंतर झपाट्याने उतरली. अनेक योजनांनी जे साधले नाही ते एका काटेकोर नियमाने साधले.

व्याजाचा परिणाम किती होतो हे आपणास माहीत आहेच, पण इतर वाचकांसाठी ढोबळ गणित मांडतो. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला चार कोटी लागले आणि त्यातील ७० टक्के कर्ज असेल, तर व्याज एक टक्क्याने वाढल्यास पहिल्या वर्षी २ लाख ८० हजार रुपये अधिक जातात. तो प्रकल्प वर्षाला साधारण १८ लाख युनिट देतो असे धरले, तर हा बोजा प्रति युनिट १५ पैशांच्या आसपास येतो. अडीच रुपयांच्या विजेत १५ पैसे लहान नाहीत. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशाने आधी झालेले सौर आणि पवन करार पुन्हा उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा देशभरातील सावकारांनी नोंद घेतली ती याच गणितामुळे. शासनाने शब्द फिरवण्याची शक्यता बँक व्याजदरात धरते आणि ती किंमत ग्राहक वर्षानुवर्षे भरतो.

आणखी एक दबलेले कर्ज आहे. दरवाढ अप्रिय असते, म्हणून काही राज्यांत आयोग खर्च मान्य करतात, पण वसुली पुढे ढकलतात. त्याला नियामक मत्ता असे नाव आहे. एकट्या दिल्लीत ती सुमारे २७ हजार कोटींवर गेली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की जुन्या मत्ता १ एप्रिल २०२४ पासून सात वर्षांत निकाली काढाव्यात आणि यापुढे त्या वार्षिक महसुली गरजेच्या तीन टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नयेत. आपण एखाद्या वितरण कंपनीचे कर्ज तपासत असाल, तर ताळेबंदात ही ओळ आधी शोधावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : आम्ही छतावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले आणि बिल जवळजवळ शून्यावर आले. सगळ्यांनी असे केले तर वीज केंद्रांची गरजच उरणार नाही ना?
— गृहिणी, मनीषनगर, नागपूर

उत्तर : अभिनंदन. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते, आणि नागपूर जिल्हा या योजनेत राज्यात आघाडीवर आहे. आपला निर्णय घरासाठी योग्यच आहे.

केंद्रांची गरज मात्र संपत नाही, कारण ऊन आणि मागणी एकाच वेळी येत नाहीत. मे महिन्यात नागपुरात सूर्य मावळतो तेव्हा कूलर आणि एसी जोरात सुरू असतात, तर आपले पॅनेल थांबलेले असते. वीज बाजारात हे रोज दिसते. उन्हाच्या वेळी भाव कोसळतात आणि टंचाईच्या दिवसांत संध्याकाळी ते कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे प्रति युनिट १० रुपयांपर्यंत चढतात. आपण दुपारी जाळ्यात दिलेले युनिट संध्याकाळी परत घेता, तेव्हा नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेले युनिट घेतलेल्यातून वजा करण्याच्या पद्धतीत, दोन्हींची किंमत सारखी धरली, तर फरकाचा भार छत नसलेल्या भाडेकरूवर आणि झोपडपट्टीतल्या ग्राहकावर जातो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी आलेले दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर यासाठीच आहेत. वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप दुपारी चालवलेत, तर आपलाही फायदा होतो आणि जाळ्याचाही.

पुढची गुंतवणूक साठवणुकीत आणि पारेषणात हवी. पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प राज्यात आहे. असे आणखी हवेत, आणि बॅटऱ्याही हव्यात. पारेषणाचे मोठे काम तर आपल्याकडेच येत आहे. कच्छमधील खावडा येथून नागपूरपर्यंत ८०० किलोव्होल्टची, ६ हजार मेगावॅट क्षमतेची आणि सुमारे १२०० किलोमीटर लांबीची वाहिनी पॉवर ग्रिडकडे २०२४ मध्ये सोपवली गेली. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि अशा वाहिनीला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. त्यात टॉवरच्या जागेचा मोबदला हा कळीचा मुद्दा असतो. जून २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या दुप्पट आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के रक्कम सुचवली आहे. या दराने शेतकऱ्याला आधी पैसे मिळाले, तर काम लवकर होईल. मोबदल्यात काटकसर केली तर वाहिनी रखडेल आणि तोवर गुजरातेतील ऊन वाया जाईल.

प्रश्न : नागपूर शहराच्या काही भागात वितरण खाजगी फ्रँचायझीकडे होते, नंतर ते महावितरणकडे परत आले. आता पुन्हा समांतर परवान्यांची चर्चा ऐकू येते. खाजगीकरण हाच उपाय आहे का?
— वाचक, महाल, नागपूर

उत्तर : महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग मे २०११ मध्ये फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज वाटून वसुली करणाऱ्या खाजगी कंपनीकडे, गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणने ते परत घेतले. भिवंडीत २००७ पासून अशीच व्यवस्था आहे आणि तेथे गळती मोठ्या प्रमाणात उतरली. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली दोन ठिकाणी दोन निष्पत्ती झाल्या. दिल्लीने २००२ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांकडे दिले. तेथे गळती ५० टक्क्यांच्या आसपास होती, ती एक आकडी झाली, हे मोठे यश आहे. पण वर सांगितलेली २७ हजार कोटींची नियामक मत्ताही त्याच दिल्लीत साचली, कारण दर ठरवण्याचे काम मालक बदलल्याने बदलत नाही.

समांतर परवाना म्हणजे त्याच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीज वाटण्याची परवानगी. त्याबाबत वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यात संप पुकारला आणि चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेतला. त्यांची भीती अशी होती की नवा परवानाधारक शहरातील पैसे देणारे ग्राहक नेईल आणि गावे, पंप व थकबाकी महावितरणकडे राहील. ही भीती मला निराधार वाटत नाही. मुंबईत दोन कंपन्या एकाच भागात सेवा देतात, परंतु तेथे कृषिपंप नाहीत. तो नमुना विदर्भाला जसाच्या तसा लावता येत नाही.

समांतर परवान्याचा प्रस्ताव आपल्या भागासाठी आला, तर नियामक आयोगापुढील जनसुनावणीत तीन गोष्टी लेखी मागाव्यात. नव्या कंपनीने पुरवठ्याची जबाबदारी संपूर्ण क्षेत्रासाठी घ्यावी, वस्ती निवडून नव्हे. क्रॉस सबसिडीचा तिचा वाटा एका स्वतंत्र निधीत जमा व्हावा आणि त्याचा हिशेब जाहीर व्हावा. आणि महावितरणच्या तारा वापरल्याचे भाडे एवढे असावे की त्या तारांची दुरुस्ती आणि बदली त्यातून भागेल. महालातील जुन्या गल्ल्यांत लोंबत्या तारा आणि पावसाळ्यात उघड्या राहणाऱ्या डीपी आहेत, तेथे हा तिसरा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. सुनावणीची सूचना वृत्तपत्रांत येते आणि आक्षेप नोंदवण्यासाठी वकील लागत नाही. मोहल्ल्यातील आठ-दहा जणांनी सह्या करून दिलेले मुद्देसूद पत्रही आयोगाच्या नोंदीत येते आणि त्याची दखल घ्यावी लागते.